चौतीस किलोंची चूक

बावीस वर्षांत शर्यतीच्या त्या गाडीने इतके रंग बदलले, की सरड्याने तिच्याकडे शिकवणी लावावी. आधी बिस्किटवाले प्रायोजक, मग चपलावाले, मग बॅटरीवाले. प्रायोजक जाताना ड्रायव्हरलाही घेऊन जायचा. मागे उरायची गाडी, मालकीणबाई आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे संघाचा मुख्य मेकॅनिक. त्याला सगळे वस्ताद म्हणत.

यंदा बॅटरीवाले गेले आणि त्यांच्यामागून ब्याण्णव किलोंचा गडीही गेला. आता गादीवाले आले होते आणि गाडीवर त्यांची गादी रंगवली होती. त्यांची अट रोखठोक होती: आज पहिल्या दहांत या, नाहीतर आमचा रामराम. तसं झालं तर गॅरेजला कुलूप, हे ताईने सकाळीच सांगून टाकलं होतं. नवी ड्रायव्हर काटकुळी पोरगी, पण पात्रता फेरीत सातवी आली. वस्तादाला आभाळ ठेंगणं झालं होतं.

गाड्या रांगेत लागल्या. वस्ताद तिचा पट्टा आवळत होता. ओढून ओढून हातभर पट्टा उरला, तेव्हा कुठे त्याला वजन आठवलं. नियमाने गाडी आणि ड्रायव्हर मिळून ठरलेलं वजन भरावं लागतं. हलका ड्रायव्हर असला की सीटखाली लोखंडी पट्ट्या ठोकायच्या. जुन्या गड्याला तीन वर्षांत त्या कधी लागल्याच नाहीत. पोरगी अठ्ठावन्न किलोंची, आणि पट्ट्या मागे गॅरेजात फळीवर.

"ताई, माती खाल्ली मी. चौतीस किलो कमी आहेत."

ताईने विचारलं, "शर्यतीनंतर सगळ्यांचं वजन करतात?"

"नाही. कुठल्याही तीन गाड्यांचं."

"आणि आत्ता सांगितलं तर?"

"सातवी जागा गेली. सगळे सुटल्यावर सर्वांत मागून निघायचं."

ताईने वर सज्जात बसलेल्या गादीवाल्यांकडे पाहिलं. "मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? ढकल गाडी मागे."

पट्ट्या बसल्या. पोरगी चोविसावी निघाली आणि जी सुटली म्हणता! वळणागणिक एकेकाला मागे टाकत गेली. शेवटच्या फेरीला अकरावी होती. दहावा दोन हात पुढे होता, आणि तो पुढेच राहिला.

गादीवाले गोड हसून निघून गेले. वस्तादाला मान वर करवेना. बहिणीचं आयुष्यभराचं काम आपल्या हाताने बुडालं, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

पोरगी हेल्मेट काढून आली. "वस्ताद, पुढची शर्यत कधी?"

"प्रायोजक गेला, पोरी. तूही मोकळी झालीस."

"ते गेले तर जाऊ देत. मी तेरा गाड्या मागे टाकल्या, त्या काय गादीवर लोळून? मी कुठेही जात नाहीये."

बावीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. ताई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने डोळे पुसले आणि भावाला म्हणाली, "उद्या आठला या दोघं. गाडीवरची ती गादी खरवडायला वेळ लागेल."