फ्रीजरमधली रिंग

कुकरची रिंग सैल पडली की दहा मिनिटं फ्रीजरमध्ये टाकायची, हे मला सासूबाईंनी शिकवलं. रिंग आखडते, कुकर शिट्टी देतो आणि नवी रिंग पुढच्या महिन्यावर जाते. गाडीचं मात्र मला कोणी शिकवलं नाही. दत्ताराम, म्हणजे आमचे हे, त्यांचा खांदा आखडल्यापासून बघून बघून मीच पाना हातात घेतला.

त्या दिवशी आमच्या व्हॅनमधून अंधेरीला बारशाच्या ऑर्डरचं जेवण जायचं होतं, चाळीस माणसांचं. सकाळी बघते तर इंजिनाला जाणाऱ्या पाण्याच्या पाइपाचा जोड पाझरतोय. उघडला. आतली रबराची ओ-रिंग पार चपटी झालेली. नाक्यावर बाळा नावाच्या माणसाचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, ते दहाला उघडतं, आणि गाडी साडेनऊला निघायची. मग मी माझी अक्कल चालवली. रिंग फ्रीजरमध्ये ठेवली. ती नंतर खाचेत अशी घट्ट बसली की माझं मलाच कौतुक वाटलं. वर खबरदारी म्हणून ट्यूबमधलं सिलिकॉन चहूबाजूंनी थापलं, बोल्ट आवळले, पाणी भरलं. हे निघून गेले.

मग घरासाठी डाळ लावली. कुकरची रिंगही फ्रीजरमधूनच काढलेली. कुकर थोडा वेळ गप्प होता, मग तापला आणि कडेने फसफसायला लागला. गॅस बारीक करायला गेलेला माझा हात तसाच राहिला. गारवा गेला की रिंग परत सैल. मग व्हॅनमधली?

ह्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद. परत लावला. गाडी बंद पडेल याची भीती नव्हती, काळजी ह्यांची होती. गाडी तापली की हे आधी रेडिएटरचं झाकण उघडतात. चार वर्षांपूर्वी असंच उकळतं पाणी उसळलं होतं. डाव्या मनगटावरची कातडी अजून चकाकते. तोंड तेव्हा थोडक्यात वाचलं.

मी दुकानावर पोचले तेव्हा बाळा शटर वर करत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"वहिनी, रिंगवर सिलिकॉन? लोणच्याची बरणी आहे काय ती? खाच साफ, रिंग नवी, कूलंटचं बोट फिरवायचं, बस. सिलिकॉनचा तुकडा आत सुटला ना, तर रेडिएटर चोंदेल."

नवी रिंग आणि कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, डबा घेऊन रिक्षात बसले. असल्फ्याहून रिक्षा सुटल्यापासून फोन कानालाच. रिक्षावाल्याने विचारलं, कोण आजारी आहे? गाडी, म्हटलं. त्याने आरशातून माझ्याकडे नीट बघून घेतलं.

साकीनाक्याच्या अलीकडे व्हॅन कडेला दिसली. बोनेट वर, वाफ. हे फडक्याची घडी झाकणावर ठेवून उभे.

"अहो, हात काढा."

रिक्षातून उतरता उतरताच म्हटलं. त्यांनी ऐकलं. हात काढला.

फोन का उचलला नाही, विचारलं. हे रस्त्याकडे बघतच म्हणाले,

"तापमानाचा काटा चढला तशी लगेच थांबवली. वाटलं, माझ्याच हातून काहीतरी बिघडलं. तू सकाळपासून खपलेलीस गो. म्हटलं, पाणी घालून गपचूप पुढे जाऊ."

बोनेटखाली हात सहज ठेवता येईपर्यंत, पाऊण तास, आम्ही बारशाच्या पातेल्यांना टेकून बसलो. यजमानांचे दोन फोन आले, तेही मीच घेतले. मग जोड उघडला. रिंग होती तशी चपटी, सिलिकॉन अजून लिबलिबीत, आणि त्याचा एक तुकडा आत लटकलेला. सुटला नव्हता. लाकडी डावाच्या दांड्याने सगळं खरवडलं, खाच पुसली, नव्या रिंगेवर कूलंटचं बोट फिरवलं. कूलंट भरून गाडी चालू केली. बराच वेळ दोघं त्या जोडाकडे बघत होतो. काटा मध्यावर थांबला. जोड कोरडा.

"तुमच्या हातून काही झालं नाही," मी म्हटलं. "जुनी रिंग फ्रीजरमध्ये ठेवून बसवलेली मी."

"आईने शिकवलेलं ते?"

"हो."

हे बोनेट लावत म्हणाले, "तिला सांगू नको. म्हणेल, दहा मिनिटं कमी पडली."

फडकं अजून त्यांच्या हातातच होतं. ते मी काढून घेतलं.