पानाच्या वरची ओळ

दुपारची जेवणं उरकली की कुशाबा जिना चढून वर यायचे. वहाणा दारात काढायच्या, भिंतीला हात लावत आत यायचं आणि सुनेच्या टेबलाजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं.

"कामात हायेस का गं?" ते विचारायचे. साधना "आहे" म्हणाली तरी उठायचे नाहीत.

पुण्याजवळच्या माण गावात जिथं त्यांची भाताची खाचरं होती, तिथं आता काचेच्या इमारती होत्या. राहिलेल्या जागेवर अमोलनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, तीन मजली घर बांधलं होतं आणि खोल्या कंपनीतल्या पोरापोरींना भाड्यानं दिल्या होत्या. अमोल दिवसभर आपल्या टेम्पोच्या धंद्यात. भाडेकरूंचं पाणी, कुलपं, गॅसवाला हे सगळं साधनाच्या गळ्यात. शिवाय ती घरातूनच एका छोट्या कंपनीचं काम करायची. लोकांच्या तक्रारी वाचायच्या आणि त्यांना गोड शब्दांत उत्तरं टाइप करायची, हे ते काम. दिवसभर गोड बोलून झालं की घरातल्या माणसांसाठी तिच्याकडे फारसं काही उरायचं नाही. हे तिलाही कळत होतं, पण करणार काय?

सासूबाईंना, साळूबाईंना, जाऊन वर्ष होत आलं तेव्हा कुशाबांनी हा विषय काढला.

"वर्षश्राद्धाला लोकं वाट्या वाटत्यात, डबं वाटत्यात. मला तसलं न्हाई वाटायचं. तिच्याबद्दल चार पानं छापून वाटायची हायेत. मी सांगतो, तू घाल त्या मशिनीत."

कुशाबांना वाचता यायचं, सावकाश, ओळीखाली बोट धरून. लिहायचा मात्र त्यांचा हात कधी बसला नव्हता. घरात सगळे त्यांना आबा म्हणायचे, आणि आबांना साधनाला नाही म्हणता आलं नाही. तिनं नोटपॅड उघडलं. लेखनाचं मोठं सॉफ्टवेअर होतं, पण त्याची मुदत संपली होती आणि पुढचे पैसे भरायचे राहून गेले होते. नोटपॅड आपलं साधं. पांढरी पाटी, काळी अक्षरं. एका बाजूला कंपनीच्या तक्रारी आणि दुसऱ्या बाजूला आबांची पाटी, असं तिनं पडद्याचे दोन भाग केले.

पहिल्याच दुपारी आबांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली. साळूबाई लग्न होऊन आल्या त्या दिवशी बैल बुजले होते आणि गाडीतली सगळी माणसं ओरडत असताना या एकट्या हसत होत्या. सांगताना आबा मध्येच थांबायचे, बैलाचं नाव आठवत बसायचे, ते आठवलं की पुन्हा वेशीपासून सुरू करायचे. तेवढ्यात खालून एका मुलीनं हाक मारली की टाकी भरून वाहतेय. कंपनीच्या साहेबांचा निरोप आला की उत्तराला उशीर का. साधनानं घाईनं सेव्ह दाबलं, फाइलला नाव काय देऊ असं चौकटीनं विचारलं, आणि तिच्या बोटांनी मनात होतं ते लिहून टाकलं: आबांची कटकट.

कोण बघणार होतं ते? फाइल तिची, कॉम्प्युटर तिचा. ती टाकी बंद करायला पळाली.

मग रोज दुपारी थोडं थोडं होत गेलं. आबा सांगायचे, ती टाइप करायची. कान एकीकडे, बोटं एकीकडे. समोरच्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा साळूबाईंनी तिथल्या एका इंजिनियर पोराला अडवून विचारलं होतं, "लेकरा, हितं आत पिकतं तरी काय?" हे सांगताना आबा स्वतःच हसले. साधना हसली नाही, कारण तिनं ते नीट ऐकलंच नव्हतं. नुसतं लिहिलं होतं.

एका दुपारी आबा बराच वेळ गप्प बसले. तिला बरं वाटलं. तिच्या दोन तक्रारी निकाली निघाल्या.

मग ते म्हणाले, "ही शिट्टी लई झकास वाजवायची."

"कोण?"

"तुझी सासू. म्हस लांब गेली की हितनं एक शिट्टी मारायची, म्हस माघारी. नवीन लगीन झालेलं. मी म्हनलं, बायामान्सानं शिट्टी वाजवू न्हाई, लोकं काय म्हनतील. तवापासून न्हाई वाजवली तिनं. एकदाबी न्हाई." ते खिडकीबाहेर बघत होते. "लिव्ह असं. मी तसं म्हनाया नको व्हतं."

"मी तसं म्हणायला नको होतं," साधनानं टाइप केलं, पूर्णविराम दिला आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाला कळवलं की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी तिनं पानं छापायला घेतली. भाड्याचे करारनामे काढायला घरात प्रिंटर होता. नमुन्याचं एक पान काढलं तर खाली इंग्रजीत पेज एक असं आलं. ते तिला बरं दिसेना. पेज सेटअपची चौकट उघडली. समास वाढवला. खालच्या रकान्यात पेज या शब्दापुढे ते दोन गाठींसारखं इंग्रजीतलं 'आणि'चं चिन्ह (&) आणि पी असं काहीतरी होतं. तिनं पेज खोडून पान लिहिलं, पुढची चिन्हं राहू दिली, आणि छापल्यावर बरोबर पान एक, पान दोन असं आलं. म्हणजे ते पी पानाचा आकडा टाकतं, हे तिला उमगलं आणि तिला स्वतःचं कौतुकही वाटलं. वरच्या रकान्यात तसंच आणिचं चिन्ह आणि एफ होतं. त्याचं काय, असा विचार क्षणभर मनात आला. पण फोन वाजत होता. असेल काहीतरी, चाललंय ते चालू दे, म्हणून तिनं चौकट मिटली. नमुन्याची पानं ट्रेमध्ये पालथी पडली होती, तिनं त्यांच्या खालच्या कडा उचलून नुसते आकडे बघितले होते. वरच्या भागाकडे नजर गेलीच नव्हती. सगळ्या प्रती एकदम काढायला लावून ती फोनवर बोलत गॅलरीत गेली. संध्याकाळी अमोलनं गठ्ठा तसाच पालथा उचलला, घाईत पिना मारल्या, पिशवीत भरला. पडद्यावर तर सगळं ठीकच होतं. पानाच्या वर काय छापून येणार आहे ते नोटपॅड लिहिताना दाखवत नाही.

दुसऱ्या दिवशी भाडेकरूंच्या गाड्या हलवून दारात मांडव घातला होता. विधी झाले, पंगती उठल्या. चांद्याहून, भुकूमहून, घोटावड्याहून पाहुणे आले होते. सुपारी खात मंडळी टेकली तेव्हा अमोलनं पानं वाटली. आबा स्वच्छ धोतर नेसून खुर्चीत बसले होते. चष्मा पुसून त्यांनी आपली प्रत हातात धरली होती, पण अजून वाचायला घेतली नव्हती. लोकांच्या तोंडाकडेच बघत होते.

"मी वाचते सगळ्यांसाठी," म्हणून शुभांगी उठली. शुभांगी आबांची लेक, चांद्याला दिलेली, आवाज खणखणीत. तिनं पान समोर धरलं आणि वरून सुरुवात केली.

"आबांची कटकट."

आणि तिला हसू फुटलं. "आबा! काय पण नाव ठेवलंय!"

मांडवात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "शोभतंय आबांना!" दुसरं कुणी म्हणालं, "म्हातारा लई मिश्किल हाय."

साधना पाण्याचा जग घेऊन उभी होती. पहिल्यांदा तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग शेजारच्या बाईच्या हातातल्या कागदाकडे नजर गेली. पानाच्या माथ्यावर, बरोबर मध्यभागी, तेच शब्द होते. पान उलटलं तर दुसऱ्यावरही. चारही पानांवर. साळूबाईंच्या बैलगाडीवर, म्हशीवर, शिट्टीवर.

आबांनी मान खाली घातली आणि बोट धरून ती ओळ वाचली. मग वर बघितलं. लोकांकडे नाही, थेट तिच्याकडे. फार वेळ नाही, एक घोट पाणी प्यायला लागेल इतकाच. तिच्या तोंडावर जे होतं ते त्यांनी वाचलं असणार, कारण लगेच ते शुभांगीकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "व्हय. मीच सांगितलं तिला तसं नाव घालाया. तुझी आई मला ह्येच म्हनायची. वाच फुडं."

लोक पुन्हा हसले, आणि मग शुभांगी वाचत गेली तशी शांत झाली. शिट्टीपाशी शुभांगीनं कागद अमोलच्या हातात दिला. ती खाली बसली, पुढचं अमोलनं वाचलं. साधनानं ते सगळं उभ्यानं ऐकलं. स्वतःच टाइप केलेलं ती पहिल्यांदा ऐकत होती. पिकतं तरी काय, याला ती हसली आणि हसता हसता तिला रडू आलं. बायका म्हणाल्या, सासूवर जीव होता हो पोरीचा.

पाहुणे पांगल्यावर ती वर गेली. चौकट उघडली, वरच्या रकान्यातला तो एफ बघितला, आणि मदतीच्या पानावर शोधलं. एफ म्हणजे फाइलचं नाव. पी म्हणजे पानाचा आकडा, डी म्हणजे तारीख, सी म्हणजे मजकूर मध्यभागी. सहा-सात अक्षरांची तेवढीच यादी होती. वाचायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. तिनं एफ खोडलं, त्या जागी सी घालून पुढे साळूबाईंचं नाव लिहिलं. फाइलचंही नाव बदललं. पुन्हा छापलं. आता पान जसं दिसायला हवं होतं तसं दिसत होतं.

"अगं, लोकांना आवडलं की ते," अमोल म्हणाला. "आबांनी स्वतः सांगितलं ना?"

"त्यांनी नव्हतं सांगितलं," ती म्हणाली. "माझी फाइल होती ती."

अमोलनं एक नवं पान उचलून वरची ओळ वाचली. मग म्हणाला, "जाऊ दे. आबा मनात ठेवत नाहीत."

ती नव्या प्रती घेऊन खाली गेली. आबा ओट्यावर बसून सुपारी कातरत होते.

"आबा, ते वरचं नाव मशिननं आपोआप टाकलं. फाइलचं जे नाव असतं ते वर छापायची खूण असते तिथं. मला माहीत नव्हतं. काढली मी ती."

आबांनी कागद घेतला, वाचला, मान हलवली. "ह्ये ब्येस झालं."

ती तिथंच उभी राहिली.

"फायलीला नाव कोन द्येतं गं?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं विचारलं.

"मी," साधना म्हणाली.

"व्हय." त्यांनी अडकित्ता मिटला. "बस. उभी का?"

ती बसली. "आबा, तसं मनात नव्हतं माझ्या. त्या दिवशी टाकी वाहत होती, साहेब ओरडत होते..."

"तुला काम असतंय. मला दिसतंय की. म्हाताऱ्या मान्साला येळ असतो, त्याला वाटतं समद्यांनाच हाय." त्यांनी कातरलेली सुपारी डबीत भरली. "खोटं न्हाई लिव्हलंस."

"सासूबाई खरंच म्हणायच्या तसं?"

आबांनी नकारार्थी मान हलवली. "ती ऐकून घ्यायची."

साधनानं ओट्यावर पडलेला सुपारीचा चुरा गोळा केला. मग तिनं विचारलं, "आवणीच्या वेळचं, भात लावतानाचं, सांगायचं राहिलंय म्हणाला होतात तुम्ही. उद्या दुपारी या ना. मी काम बंद ठेवते."

"सांगून झालं आता," आबा म्हणाले. "चार पानं म्हनलं व्हतं, चार झाली."

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच काम बंद ठेवलं. प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवली. आबा आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. रुसलेले नव्हते, जेवायला बोलावलं की यायचे, भाजी चांगली झाली की तसं सांगायचे, भाडेकरूंच्या गाड्या नीट लावून घ्यायचे. पण ती काही विचारायला गेली की "आता आटवत न्हाई गं" म्हणायचे आणि तिला कामाला जा म्हणून सांगायचे. साहेब वाट बघत असतील, असंही वर म्हणायचे. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागायचं. त्यांनी तिला शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. गॅसच्या नळीची तक्रार द्यायला साधना स्कूटरवरून मोठ्या रस्त्याला गेली होती. येताना कंपनीच्या फाटकापाशी चहाच्या टपरीवर तिला आबा दिसले. बाकावर बसले होते, शेजारी गणवेशातला एक पहारेकरी. पोरगा कुठला तरी लांबचा, बिहारचा किंवा तिकडचाच असावा. आबा हात वर करून त्याला फाटकाच्या आतलं काहीतरी दाखवत होते. मग कमरेत वाकून चिखलात रोपं लावावी तसे हात करून दाखवले. पोरगा चहा पीत मान डोलवत होता. त्याला मराठी कळत होतं असं वाटत नव्हतं.

तिनं स्कूटर थांबवली. वाहनांच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते, नुसते हात दिसत होते. मग आबा सरळ झाले, दोन बोटं ओठांशी नेली, आणि हसून मान हलवली, जणू आपल्याला ते जमत नाही असं सांगत होते. पोरगा हसला.

तिला वाटलं जावं, बाकाच्या टोकाला बसावं, नुसतं ऐकावं. ती उतरून दोन पावलं पुढं गेली तसं आबांनी तिला बघितलं. हात खाली आले. त्यांनी टोपी नीट केली.

"आलीस व्हय," ते म्हणाले. "चल, मीबी येतो. जेवायची येळ झाली."

"बसा ना आबा अजून. मी थांबते."

"न्हाई, न्हाई. कायतरी आपलं चाललं व्हतं."

ते मागं बसले, एका हातानं तिचा खांदा धरला. ती सावकाश चालवत होती, खड्डे चुकवत. उजव्या बाजूला काचेच्या इमारती गेल्या. तिथं कुठलं खाचर होतं, आवण कुठं लावायचे, तिला काहीच माहीत नव्हतं. विचारावं म्हणून तिनं दोनदा मान वळवली. आबा रस्त्याकडे बघत होते, आणि दोन्ही वेळा तिनं न विचारताच मान परत पुढच्या खड्ड्यांकडे वळवली.