तीनशे पंचवीस वॅट

सकाळी साडेनऊला वजनकाट्याच्या खोलीत फट् असा आवाज झाला आणि नूतनच्या समोरचा स्क्रीन काळा पडला. टेबलाखालच्या सीपीयूच्या जाळीतून धुराची बारीक रेघ निघाली. नूतनने आधी प्लग ओढला, मग खिडकी उघडली. जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला होता.

"काऊन, काय झालं वो?" खिडकीबाहेरून दसरूने विचारलं. त्याची ट्रॉली काट्यावर चढलेली होती. मागे तेरा ट्रॉल्या, सगळ्या धानाच्या पोत्यांनी भरलेल्या. शेवटची तर पार वळणापर्यंत गेलेली.

"डबा जळला. सीपीयूले वीज देते तो. एसएमपीएस म्हणतात त्याले."

"मंग आता?"

आमगावकडून सालेकशाला जाणाऱ्या रस्त्यावरचा हा धर्मकाटा, म्हणजे भरलेल्या गाड्या तोलायचा काटा, इंद्रकुमार सेठचा. नूतन त्यावर सात वर्षांपासून बसत होती. काटा भिंतीवरच्या मीटरवर वजन दाखवायचा, कॉम्प्युटर ते वायरीतून उचलायचा आणि पावती छापायचा. हाताने लिहिलेली पावती पलीकडच्या खरेदी केंद्रावर कोणी घेत नसे. कॉम्प्युटर बंद म्हणजे काटा बंद. आणि उत्तरेला, मध्य प्रदेशाच्या बाजूने, नोव्हेंबरात येऊ नयेत असे ढग जमले होते. अर्ध्या ट्रॉल्यांवर ताडपत्री नव्हती.

तिने सेठला फोन लावला. तो नागपूरला भाचीच्या लग्नात होता. मागे बँड वाजत होता.

"गोंदियाले जा, कुडवा नाक्यावर गुलशनचं दुकान आहे, त्याच्याकडून आण," सेठ ओरडून म्हणाला. "सर्वात स्वस्त जो असन तो. सातशेच्या वर एक रुपया नाई. तो कॉम्प्युटर आता भंगारातच जाणार आहे."

"सेठ, मागच्या साली सर्वात स्वस्तच आणला होता. तोच फुटला."

"मंग एक साल चालला ना!" फोन बंद झाला.

चालला होता, पण कसा, हे नूतनला ठाऊक होतं. मागच्या हंगामात सेठने कुठूनतरी तो हलका डबा आणून बसवला आणि आठ दिवसांत दसरूची पावती चुकली. मीटरवर सहा हजार आठशे चाळीस किलो होते, स्क्रीनवर आले सहा हजार दोनशे चाळीस. सहा क्विंटल धान कागदावरून गायब. दसरू गावची दहा माणसं घेऊन आला आणि याच खिडकीसमोर, सगळ्यांच्या देखत तिला चोर म्हणाला. दोन दिवस ती चोरच होती. तिच्या आईला बाजारात कोणीतरी विचारलं, "तुमची पोरगी काट्यावर आहे ना, तीच ना?" तिसऱ्या दिवशी गोंदियाहून आलेल्या मेकॅनिकने सांगितलं की या जुन्या बोर्डाचा काट्याचा पोर्ट बारा व्होल्टवर चालतो. डब्यातून वीज कमी आली की मधलाच एखादा अंक बदलतो. डबा बदला, तो म्हणाला. सेठ म्हणाला, "बघून बघून पावती दे, काय होते त्याले?" तेव्हापासून वर्षभर नूतन प्रत्येक वजन दोनदा पाहत होती, मीटरवर एकदा आणि स्क्रीनवर एकदा.

तिने सीपीयूच्या सगळ्या वायरी काढल्या, त्याला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि स्कुटीवर पाय ठेवायच्या जागेत उभं ठेवलं. हिरालाल, काट्याचा म्हातारा चौकीदार, सुतळी घेऊन धावत आला.

"सीपीयू कायले नेतेस? डबाच आणाचा आहे ना?"

"तिथंच लावून पाहतो, काका. इथं आणून नाई चालला तर पुन्हा दीड तास जाईन. तुमी लाइन सांभाळा. कोणाले जाऊ देऊ नोका."

"माणसं ऐकतीन का माह्यं?"

दसरू ट्रॅक्टरवरून उतरला होता. तो तिच्याकडे पाहत नव्हता. मेकॅनिकने सांगितलेलं नंतर त्यालाही कळलं होतं, पण त्यावर तो तिच्याशी कधी एक शब्द बोलला नव्हता. "जा," तो ढगांकडे पाहत म्हणाला. "लवकर ये."

रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक धक्क्याला नूतन दोन्ही गुडघ्यांनी सीपीयू दाबून धरायची. डबा फुटताना बोर्ड घेऊन गेला असेल तर? वजनाचा प्रोग्राम त्याच डिस्कवर होता, आणि तो बनवणारा माणूस पुण्याला निघून गेल्याला सहा वर्षं झाली होती. गुडघे दुखायला लागले तरी तिने वेग कमी केला नाही.

गुलशनच्या दुकानात ती पोहोचली तेव्हा अकराला दहा कमी होते. गुलशनने तिचं ऐकून घेतलं आणि मागे न पाहता शेल्फवरून एक चकचकीत खोका काढला. वर मोठ्या अक्षरांत पाचशे वॅट.

"ये लो बहनजी. साढे पाँच सौ. सब यही ले जाते हैं."

नूतनने डबा हातात घेतला. तो इतका हलका होता की खोका रिकामाच आहे की काय असं वाटलं. तिने बाजूचं लेबल वाचलं. पाचशे वॅट लिहिलं होतं, पण बारा व्होल्टवर किती ॲम्पिअर, ती जागा कोरी.

"यावर बारा व्होल्टचं काहीच लिहिलं नाई."

"अरे, चलता है. लगाके दिखाऊँ?"

"दाखवा. आणि माह्याच सीपीयूले लावा."

गुलशनने जुना डबा काढला, नवा जोडला. त्याने बटन दाबलं. पंखा फिरला, आणि मॉनिटरवर पांढरी अक्षरं आली. बोर्ड जिवंत होता.

"देखो, चल गया. पैक करूँ?"

फोन वाजला. हिरालाल होता. "नूतन, दोन ट्रॉल्या दुसऱ्या काट्यावर जातो म्हणून राहिल्या. ढग भरून आले. का सांगू त्याईले?"

"निघाली म्हणून सांगा," ती म्हणाली. सगळं झालं होतं. साडेपाचशे देऊन निघालं तर बाराच्या आत पोहोचता येईल. सेठचं ऐकल्यासारखं होईल, ट्रॉल्या थांबतील. गुलशनच्या हातात खोका होता.

"थांबा," ती म्हणाली. "चालू करताना ते सेटिंगचं पान येते ना, व्होल्ट दाखवते, ते उघडा."

"क्या करोगी देखके?"

"उघडा ना."

त्याने सुस्कारा सोडून ते पान उघडलं. बारा व्होल्टच्या पुढे अकरा पूर्णांक चार. मग अकरा पूर्णांक तीन. गुलशन म्हणाला की बोर्ड जुना आहे, बोर्डच चुकीचं दाखवतो. "दहा मिनिटं चालू राहू द्या," ती म्हणाली.

"बहनजी, मेरे को और भी कस्टमर हैं."

"दहा मिनिटं."

ती स्क्रीनवरच्या त्या एका अंकासमोर उभी राहिली. दुकानात एक माणूस माऊस घ्यायला आला आणि गेला. अकरा पूर्णांक दोन. तिने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं. फोन पुन्हा वाजला, तिने घेतला नाही. सहाव्या मिनिटाला अकरा पूर्णांक एक, आणि नवव्या मिनिटाला स्क्रीन गेला, पंखा थांबला आणि सीपीयू आपोआप पुन्हा चालू झाला.

गुलशनने गाल खाजवला. मग तो आतल्या खोलीत गेला आणि धूळ बसलेला एक साधा खोका घेऊन आला. वर चित्रबित्र काही नव्हतं. तीनशे पंचवीस वॅट.

"ये कोई लेता नहीं. डब्बे पे नंबर छोटा है ना, लोगों को पाँच सौ चाहिए. पर माल ये सच्चा है."

नूतनने उचलला. हात खाली ओढला गेला. लेबलवर बारा व्होल्टच्या खाली सगळे आकडे छापलेले होते, मागे तीन वर्षांच्या हमीचा शिक्का. तिच्या कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक्सचं कार्ड नव्हतं, एक डिस्क आणि दोन पंखे. शंभर-सव्वाशे वॅटच्या वर तो कधीच जाणार नव्हता.

लावला. बारा पूर्णांक शून्य. पाच मिनिटांनी बारा पूर्णांक शून्य. गुलशनने न सांगताच व्होल्ट मोजायचा हातातला मीटर लावून बाकीच्या वायरीही मोजल्या. सगळ्या नीट.

"किती?"

"साढे ग्यारह सौ. इससे नीचे नहीं होगा."

नूतन बाहेर ओट्यावर आली आणि सेठला फोन लावला. या वेळी बँड नव्हता, जेवणावळीचा गलका होता. तिने दोन वाक्यांत सांगितलं.

"सातशे म्हटलं होतं ना मी?" सेठचा आवाज चढला. "पाचशे वॅट साडेपाचशेत भेटून राहिला आणि तू तीनशेचा साडेअकराशेत घेतेस? दुकानदाराने गंडवलं तुले. तो स्वस्तवाला घे आणि निघ."

"स्वस्तवाला दहा मिनिटंही नाई टिकला, सेठ. मी समोर उभी होती."

"नूतन, माह्या काट्यावर बसाचं असन तर मी सांगतो ते कर."

सात वर्षांत त्याने असं कधी म्हटलं नव्हतं, आणि तिनेही त्याला उलटून कधी काही म्हटलं नव्हतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "तोच आणतो. पण मंग आजच्या पावत्यांवर सही तुमची पाहिजे. अंक चुकला तर खिडकीसमोर तुमी उभे राहाल. मागच्या साली मी राहिली होती. यंदा मी नाई राहत."

पलीकडे ताटांचा आवाज येत राहिला. मग फोन बंद झाला. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

नूतन आत गेली. काट्याच्या गल्ल्यातून आणलेल्या सातशेत तिने वरचे साडेचारशे स्वतःच्या पर्समधून घातले आणि गुलशनला म्हणाली, "चारही स्क्रू नीट आवळा."

परतताना आमगावच्या आधी रेल्वेचं फाटक पडलं होतं. मालगाडी येत होती, डब्यामागे डबा, संपता संपेना. ती स्कुटी बंद न करता उभी राहिली. हातावर एक थेंब पडला. मग स्कुटीच्या आरशावर दुसरा. तिने चादरीवर स्वतःची ओढणी टाकली. फाटक उघडताच ती कोणाच्या तरी बैलगाडीला चाटून पुढे निघाली.

काट्यावर पोहोचली तेव्हा बारा ट्रॉल्या उरल्या होत्या. दोन गेल्या होत्या. हिरालालचा गळा बसला होता. माणसं खिडकीशी गर्दी करून उभी होती आणि कोणीतरी म्हणत होतं की हाताने लिहून दे, केंद्रावर आमी भांडतो. नूतनने कोणाकडे पाहिलं नाही. सीपीयू टेबलाखाली ठेवला, एकेक वायर जोडली, काट्याची वायर सर्वात शेवटी. बटन दाबलं.

पंखा फिरला. प्रोग्राम उघडला. वजनाच्या चौकटीत शून्य.

भिंतीवरच्या मीटरवर सात हजार एकशे दहा होते. दसरूची ट्रॉली काट्यावरच उभी होती. स्क्रीनवर मात्र शून्य.

"अजून का झालं?" कोणीतरी ओरडलं. नूतन टेबलाखाली वाकली. अंधारात बोटांनी चाचपत काट्याच्या वायरीपर्यंत पोहोचली. प्लग अर्धाच बसला होता, घाईत तिने तिरका घातला होता. तिने तो काढला, पिना सरळ आहेत का ते बोटाने पाहिलं, पुन्हा घातला आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळले. वर आली तेव्हा डोळ्यांसमोर अंधारी आली होती.

स्क्रीनवर सात हजार एकशे दहा.

"दसरूभाऊ," ती म्हणाली, "आत या."

दसरू दारात घुटमळला. या खोलीत तो कधी आला नव्हता. चपला बाहेर काढून तो आत आला.

"मीटर वाचा. मोठ्यानं."

"सात हजार एकशे दहा."

"आता इथं वाचा."

दसरू स्क्रीनवर वाकला. एकेका अंकावर बोट ठेवत त्याने वाचलं. मग मागे वळून खिडकीतल्या माणसांना सांगितलं, "एकच आहे. दोन्हीकडं एकच आहे." पावती छापून आली. त्याने ती हातात घेतली, पण लगेच निघाला नाही.

"मागच्या साली," तो म्हणाला आणि थांबला. "मी तुले लोकांसमोर बोललो होतो."

"बोलले होते," नूतन म्हणाली.

"ते आता लोकांसमोरच वापस घेतो." खिडकीतली माणसं ऐकत होती. त्याने आणखी काही सांगितलं नाही, बाहेर जाऊन ट्रॅक्टर सुरू केला.

पाऊस रिमझिम लागला तेव्हा चार ट्रॉल्या उरल्या होत्या. ज्यांची वजनं झाली होती त्यांतल्या दोघांनी आपापल्या ताडपत्र्या परत आणून मागच्यांच्या पोत्यांवर टाकल्या. दोन पोती भिजली, ती बाजूला काढून ठेवली. पावणेचारला शेवटची पावती निघाली. हिरालालने चहा आणला. सकाळपासून आपण काही खाल्लं नाही हे नूतनला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठ नागपूरहून थेट काट्यावर आला. लग्नाचे कपडे अंगावरच होते. तो टेबलाखाली वाकला, नव्या डब्यावरचं लेबल बराच वेळ पाहत राहिला.

"तीनशे पंचवीस," तो म्हणाला. "लोक पाचशे लावतात."

बाहेर एक ट्रॉली चढत होती. नूतनने मीटर पाहिला, स्क्रीन पाहिला. सेठही तिच्या मागून वाकून दोन्हीकडे पाहत होता.

"बराबर आहे," तो म्हणाला. मग गल्ल्यातून साडेचारशे रुपये काढून त्याने कीबोर्डजवळ ठेवले आणि पावती छापायच्या आतच बाहेर निघून गेला.