नळाचा न, बाणाचा ण

आमचा मानूस मेला तो एका अक्षरापायी. गोटीराम त्याचं नाव. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पन आता घेते, रागावनारा कोन राह्यलाय?

मी विमल, तळवलीची. शाळा चौथीपर्यंत. बाई ओरडायच्या, विमल, नळाचा न वेगळा, बाणाचा ण वेगळा. मी बोलायचे, बाई, पानी नळातून येतं ना? बानातून येतं काय? मंग नळाचाच न बरोबर! अख्खा वर्ग हसायचा. आमच्या आगऱ्यांच्या गावात सगळे तसेच बोलतात, हा ठाने-बेलापूर रस्ता नव्हता तवापासून.

त्या आठवड्यात वाशीच्या मार्केटात कुनी कुनाला सुरा मारला. मारनारा उत्तरेकडचा, मरनारा आपला, असं मोबाईलवर आलं. खरं-खोटं कोन बघतो? दोन दिवसांत भाजीच्या गाड्या जळल्या, रिक्षावाल्यांना ओढून ओढून मारलं. आमच्या चाळीत कान्हा भाड्याने राहतो, जौनपूरकडचा. बाप त्याला कडेवर घेऊन आलेला. माज्या रूपेशबरोबर एका ताटात जेवला, इथल्याच मराठी शाळेत दहावी झाला, आता टेम्पोने भाजी वाहतो. बोलला, "मावशी, वातावरण गरम आहे, थोडे दिवस गावी जातो." गोटीराम बोलला, "माज्या बाजूला बस. वाशीला जाऊ, तुला गावच्या गाडीत बसवतू नि टेम्पो मी आनतू. बघू कोन हात लावतो." या दोघांचा मला काडीचा भरवसा नाय, म्हनून मी पन चढले.

ऊन भाजत व्हतं. गोटीरामाने कान्हाचा गमछा डोक्याला गुंडाळला. तोच नडला.

पुलाखाली पोरांनी टायर आडवे टाकलेले. दहा-पंधरा जन असतील. हातात बांबू, लोखंडी रॉड. कोनी ओळखीचं नाय. एकाने तोंडाला रुमाल बांधलेला, त्याने रॉडने काच फोडली. काचा माज्या मांडीवर पडल्या.

"तहान लागली की काय पितोस रे?" त्याने कान्हाला विचारलं.

"पाणी," कान्हा बोलला. अगदी बाणाचा ण. आमच्या बाई खूश झाल्या असत्या.

"आपला आहे," रुमालवाला बोलला. "आणि ए गमछा, तू काय पितोस?"

गोटीरामाचं टाळकं फिरलेलंच. "तुज्या बापाचा रस्ता हाय काय? या डांबराखाली माजा भात पिकायचा!"

"पाणी बोल आधी."

"पानी."

सगळे हसले. "परत बोल."

"पानी! पानी! पानी! काय वाकडं करनार?"

पयला बांबू तोंडावर बसला. पुढचे दात गेले, रगत टेम्पोच्या काचेवर उडालं. दोघांनी गमछ्याला धरून त्याला खाली ओढला. मंग रॉड. गुडघ्यावर, कोपरावर, बरगड्यांवर. ओलं लाकूड फोडताना येतो तसा आवाज. तो उठायला बघत व्हता नि ते त्याला उठू देत नव्हते. एकाने पाठीवर पाय रोवला, दुसऱ्याने डोक्यात घातला.

मी किंचाळले, "अरे मुडद्यांनो, आगरी हाव आमी! इथलेच हाव! कुनाला मारता?"

"बघ, भैय्याची बायको मराठी शिकलीय," एक जन बोलला नि मला टेम्पोवर ढकललं. भुवई फाटली. एका डोळ्याने मला सगळं लालच दिसत व्हतं.

कान्हा गोटीरामाच्या अंगावर पडला. पोरांनी त्याला उचलून बाजूला केला. "दादा, तू लांब हो, तुला लागेल." बघा तरी! त्याला दादा, नि ज्याची जमीन त्याचं डोकं फुटतंय. कान्हा बोंबलला, "अरे, भैया मैं हूँ! जौनपूर का! मुझे मारो, काका को छोड दो!" कुनी मानलं नाय. "नाटक करतोय," बोलले. मंग त्याने रुमालवाल्याचा पाय धरला नि सोडेना. तवा त्याच्या जबड्यावर रॉड बसला. मारलं ते पाय सोडत नाय म्हनून, भैय्या म्हनून नाय.

पोलिसांची गाडी वाजली नि पोरं पळाली.

गोटीराम दुसऱ्या सकाळपर्यंत जगला. तुटक्या तोंडाने एकच मागत व्हता, पानी. डॉक्टर बोलले, तोंडाने काही द्यायचं नाय. मी ओला बोळा त्याच्या ओठांना लावत बसले. त्याला पोटभर पानी पन दिलं नाय मी, हे मला मरेपर्यंत जाळनार.

रूपेश हॉस्पिटलात आला तो मोबाईल हातात घेऊनच. कुनीतरी लांबून व्हिडीओ काढलेला. "आये, हे बघ. एकाच्या कमरेला हमालाचा आकडा हाय. मार्केटातले माथाडी, घाटावरचे हायत ते. सातारचे. आता एक घाटी गावात ठेवत नाय."

मी त्याचं मनगट धरलं. "रूपेश, बाप गेला तो गेला. तू कुनाला मारलंस तर मला दोन मुडदे. तुला शप्पथ हाय."

"सोड, आये," तो बोलला. हात हिसकून गेला. माज्या बांगड्या तिथेच फुटल्या. येवढं एकच माज्या हातात उरलं व्हतं, पोराला खुनी होऊ द्यायचं नाय, आनी ते पन निसटलं. चिरफाड व्हायला, कागद मिळायला दुपार झाली. तोवर मी रूपेशला फोनवर फोन लावत व्हते. उचलेना.

गोटीरामाला घेऊन ॲम्ब्युलन्स गावात शिरली नि गावदेवीच्या देवळापुढे अडली. गर्दी. मदे रणजीतला लाइटच्या खांबाला बांधलेला. रणजीत सातारकडचा, मार्केटात माथाडी, पलीकडच्या चाळीत आईबरोबर राहतो. कामावरून घरी येत व्हता बिचारा. शर्ट फाटलेला, नाकातून रगत, नि गावातली पोरं भोवती.

"पानी बोल," एक जन ओरडला.

"पानी," रणजीत बोलला. घाबरून नळाचाच न काढला त्याने.

"लोनी बोल."

"लोणी... लोनी! लोनी!"

"बघा, निघाला ना ण!" पोरं ओरडली. माज्या नवऱ्याला मारलं तेच उलटं करून चाललेलं, नि रॉड माज्या पोराच्या हातात.

मी उतरेपर्यंत रूपेशने हानला. रणजीतचा हात कोपराजवळ मोडला, हाड कातडीतून भायेर आलं. तो "आई गं" बोलला नि मान टाकली. रूपेशने परत उचलला, आता डोक्यावर. मी मदे घुसले. रॉड माज्या खांद्यावर बसला. डोळ्यांपुढे अंधारी आली, पन पडले नाय. पडले असते तर तिसरा त्याच्या डोक्यात बसला असता.

"आये!" रूपेश बोलला. रॉड हातातून गळला.

मी चांगल्या हाताने त्याच्या थोबाडीत दिली. एक नाय, तीन दिल्या. "बापाला खांदा द्यायचाय तुला? या हाताने? रणजीतने मारला काय तुज्या बापाला? याच पोराने? बोल की!"

मंग मी ॲम्ब्युलन्सकडे बोट केलं.

"गाडीतून बापाला उतरव. याला घाल."

गावातली मोठी मानसं पुढे आली. "विमल, डोकं फिरलं काय तुजं? मढं असं ताटकळत ठेवतात काय?"

"ठेवते," मी बोलले. "तो मेलाय, त्याला घाई नाय. हा मरतोय."

देवळाच्या ओट्यावर गोटीरामाला ठेवला. रूपेशनेच रणजीतला सोडवला. त्याने हात लावला तवा बेशुद्धीतपन ते पोर आकसलं. रूपेशच्या मांडीवर त्याचं डोकं, नि ज्या गाडीतून बाप आला त्याच गाडीतून दोघं गेले. मी नवऱ्याच्या उशाशी बसले. कान्हा आला, जबड्याला पट्टी, बोलता येत नव्हतं. माश्या हाकलत बसला. कडूसं पडलं, अंधारलं, तरी रूपेश परत येईस्तोवर मी कुनाला उचलू दिलं नाय. सोनलने, माज्या सुनेने, पोलिसांना फोन लावून दिला नि मी सांगितलं, रणजीतला मारनारा माजा पोरगा हाय, नाव लिहा.

रूपेशने अग्नी दिला तो बाजूला हवालदार उभा असताना. एक खांदा त्याचा व्हता, दुसरा कान्हाचा. मंग रूपेश माज्या पाया पडला नि पोलिसांच्या गाडीत बसला. बायका माज्या तोंडावर बोलल्या, "पोटच्या पोराला दिलंस?" मी बोलले, "दिला. जिता हाय म्हनून दिला. काय बोलायचं ते बोला."

दहावं झालं नि मी हॉस्पिटलात गेले. वॉर्डाबाहेर बाकावर रंगूबाई बसलेली, रणजीतची आई. मी समोर उभी राह्यले.

"जगला," ती बोलली. माज्याकडे बघितलं नाय. "हात कोपरापासनं काढला. पोतं न्हाई उचलायचा आता कधी."

"माज्या पोराने केलं."

"ठावं हाय."

तुमच्यातल्यांनी माजा नवरा मारला, हे जिभेवर आलं व्हतं. गिळलं. तवा तिने मान वर केली, माजं मोकळं कपाळ बघितलं.

"त्यो मोबाईलातला, कमरंला आकडा असलेला," ती बोलली. "माझ्या भावाचा पोरगा हाय त्यो. उदयसिंह. म्या बघितल्या बघितल्या वळखला. आठ दिस गप बसले. मग कळलं, तुमी सोताच्या पोराचं नाव लिहून दिलं. काल मीबी त्येचं नाव दिलं. भावानं सांगून धाडलं, माझी बहीण मेली म्हणून."

आत रणजीत कन्हत व्हता. रंगूबाईने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, नि मी तिच्या बाजूला बसले.