एका हाताने उघडणारा

"दातांनी नको, पास्का," चाकू करणारा बाकिस म्हणाला. "पातं टिकेल, दात जाईल."

पास्काने चाकू तोंडातून काढला, ओठ पुसले आणि उजव्या हातातल्या त्या मिटलेल्या चाकूकडे ती नुसती बघत राहिली. पात्याच्या कडेला नखाएवढी खाच होती. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख खाचेत घालायचं आणि पातं बाहेर ओढायचं. सार्डिनियाच्या या डोंगरात पोरं चालायला लागली की पाठोपाठ हे शिकतात. पण पास्काचा डावा हात दुकानाच्या फळीवर आणून ठेवल्यासारखा पडून होता. ऐन थंडीत, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, तिला मेंढवाड्यातच झटका आला होता. पुढे पाय परत आला, बोलणं परत आलं, तोंडाची वाकडी झालेली कडही बरीचशी सरळ झाली. हात तेवढा आला नाही. तिचा रोजचा चाकू त्या दिवशी चिखलात कुठेतरी पडला, तोही सापडला नाही.

"उघडायची एवढी काय घाई आहे?" तिचा भाऊ लिसांद्रू म्हणाला. तो इस्त्रीचा सदरा घालून आला होता. "घरी नेऊ. मी उघडून देत जाईन."

"रोज?"

"रोज कशाला लागणार आहे तुला?"

तो हे वाईट मनाने बोलला नव्हता. पण बाकिसची मुलगी नेविना काचेच्या कपाटावरून फडकं फिरवत होती, तिचा हात थांबला.

चाकू देण्याची कल्पना लिसांद्रूचीच. गावाच्या जत्रेनंतर सोमवारी खालच्या मैदानातला एक व्यापारी येऊन सगळा कळप घेऊन जाणार होता. इतकी वर्षं मेंढ्यांमागे घालवलेल्या बहिणीला आठवण म्हणून काहीतरी द्यावं, असं त्याला मनापासून वाटलं. तिचा कळपाच्या पुढे चालणारा म्हातारा एडका मागच्या वर्षी गेला, त्याचं शिंग वाड्याच्या दारावर टांगलेलं होतं. ते काढून लिसांद्रूने बाकिसला दिलं आणि बाकिसने त्याची मूठ केली.

मूठ अशी उतरली होती की बघणाऱ्याने बघत राहावं. मधाच्या रंगाची, कडेला धुरकट होत गेलेली. शेजारच्या कळपातल्या एडक्याशी टक्कर घेताना शिंगाला पडलेली चीर बाकिसने घासून काढली नव्हती, तशीच राखली होती. पास्काचा अंगठा बरोबर त्या चिरेवर जाऊन थांबला. तिला एडक्याच्या कपाळाची ऊब आठवली.

"वसंतभर हाच घेऊन बसलो होतो," बाकिस म्हणाला. "पातं मेंदीच्या पानासारखं केलंय, तुझ्या बापाच्या चाकूला होतं तसं."

"दिसतंय," पास्का म्हणाली. मग कपाटाकडे वळून म्हणाली, "नेविना, तो काळा दाखव गं जरा."

"तो?" लिसांद्रू हसला. "शहरातले शिकारी रविवारी पट्ट्याला अडकवून येतात, तो?"

"तोच."

कपाटात परदेशी चाकू ठेवायचे ही नेविनाची हौस. बाकिस त्या कपाटाकडे पाठ करून बसायचा. "त्याची मूठ प्लास्टिकची आहे," तो आताही न वळताच म्हणाला. "कारखान्यात ढिगाने पडतात तसले."

"पास्कामावशी, याला खाच नसते," नेविनाने हलक्या आवाजात सांगितलं. "पात्याला ही बारीक खुंटी आहे ना, ती अंगठ्याने ढकलायची. मिटताना इथला खटका दाबायचा."

पास्काने खुंटी ढकलली. खट् आवाज झाला आणि पातं सरळ उभं राहिलं. तिने खटका दाबला, पात्याची बोथट पाठ मांडीवर टेकवून चाकू मिटला. परत उघडला. परत मिटला. लहान मुलाच्या हाती खेळणं लागावं तसा दुकानात तो आवाज होत राहिला, आणि थंडीपासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला.

"केवढ्याला?"

नेविनाने सांगितलं. शिंगाच्या चाकूचीही किंमत जवळपास तेवढीच होती. बाकिसने मेहनत धरलीच नव्हती.

"मी हा घेते," पास्का म्हणाली.

"वेड लागलंय का तुला?" लिसांद्रू म्हणाला. "दोन्ही शेजारी ठेवून बघ तरी. हा आपल्या एडक्याच्या शिंगाचा, बापाच्या चाकूसारखा. आणि ते काय, टिनाचे डबे फोडायचं हत्यार."

"बघितलं की. तो फार देखणा आहे. एवढा देखणा चाकू आख्ख्या गावात कोणाच्या खिशात नसेल."

"मग?"

"मग काय. भिंतीवर टांगायचा आणि आल्यागेल्याला दाखवायचा. मला खूर तासायचेत."

"कोणाचे खूर? सोमवारी कळप जातोय."

"कळप माझ्या नावावर आहे, लिसांद्रू."

लिसांद्रूच्या कपाळाची शीर फुगली. त्याचंही अगदीच चुकत होतं असं नाही. थंडीपासून कळप त्याने आणि एका रोजाच्या गड्याने ओढला होता. ईस्टर झाला आणि गडी निघून गेला. सबंध आयुष्य समुद्रापलीकडच्या तोरिनो शहरात, मोटारींच्या कारखान्यात काढून पेन्शन घेऊन आलेला माणूस, पहाटे धारा काढून त्याच्या कमरेचा पार भुगा झाला होता. "आणि बघणार कोण त्यांच्याकडे?" तो म्हणाला. "एका हाताने तू?"

"बाप गेला तेव्हाही तू हेच विचारलं होतंस. बघणार कोण, तू?"

बाप गेला तेव्हा पास्काचं लग्नाचं वय होतं. लिसांद्रूने तोरिनोचं तिकीट आधीच काढलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पास्काने बापाचे बूट घातले, पुढे कापड कोंबलं आणि मेंढ्या सोडल्या. वाटेवरच्या बायांनी दारं लोटून घेतली. दुधाच्या डेअरीवर पुरुष तिला रांगेत मागे उभं करायचे. वर्षभराने तिने पुढे उभं राहायला सुरुवात केली, आणि कोणी ढकललं तर दुधाची बरणी त्याच्या पायावर ठेवायची. पुढे सगळ्यांना सवय झाली. तिच्या चीजला बरा भाव यायचा. एवढंच तिचं आयुष्य. सांगायला बसलं तर चुलीवरचं दूध तापायच्या आत संपेल.

बाकिसने शिंगाचा चाकू उचलून कापडात गुंडाळायला घेतला. गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "तू कायम असंच केलंस."

"कसं?"

"मी देईन ते सोडून दुसरं घेतलंस."

नेविनाने बापाकडे पाहिलं. तिची आई आली त्याच्या आधीची ही गोष्ट होती. बाकिसने पास्काला मागणी घातली होती. अट एकच, मेंढ्या विकायच्या. पास्काने विचार करायला एक रात्रसुद्धा मागून घेतली नव्हती.

"तू देतोस ते चांगलंच असतं, बाकिस," पास्का म्हणाली. "फक्त ते घेतलं की मला घरी बसावं लागतं."

बाकिसने गुंडाळी फडताळात ठेवली. वळला तेव्हा त्याने हात पुढे केला. "आण इकडे ते."

"काय?"

"ते तुझं काळं. कारखान्याची धार आहे, टणक खुराला लागली की घसरेल आणि तुझ्याच मांडीत शिरेल."

तो धारेच्या दगडापाशी बसला. प्लास्टिकची मूठ त्याने दोन बोटांत, घाण वाटत असल्यासारखी धरली होती. पण धार मात्र त्याने तशीच लावली जशी स्वतःच्या पात्याला लावली असती, घाई न करता, मधून मधून अंगठ्यावर आडवी तपासत. पास्काने पैसे नेविनाच्या हातात दिले. लिसांद्रू बाहेर जाऊन गाडीत बसला होता.

सोमवारी सकाळी व्यापाऱ्याचा ट्रक चढ चढून वर आला तेव्हा पास्का मेंढवाड्यात एकटी होती. पावसाळी वसंत गेला होता, बऱ्याच मेंढ्यांचे खूर चिघळून त्या लंगडत होत्या. एरवी मेंढीला उलटं करून ढुंगणावर बसवायची, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवायची आणि दोन्ही हातांनी काम करायचं, ही रीत. पास्काने पहिल्या मेंढीला तसं उलटवायचा प्रयत्न केला. मेंढीने हिसडा दिला आणि दोघी चिखलात पडल्या.

ट्रकबरोबर आलेला लिसांद्रू कुंपणावरून आत यायला लागला.

"तिथेच थांब," ती म्हणाली.

"पास्का, माणसं बघतायत."

"बघू देत. त्यांना मेंढ्याच बघायच्यात ना."

व्यापारी ट्रकला टेकून उभा होता. जाडजूड, घामाघूम माणूस. त्याने सिगारेट पेटवली. पास्का उठली. काठीच्या आकडीने तिने मेंढीचा पाय धरून तिला भिंतीपर्यंत ओढलं, खांद्याने भिंतीला दाबून धरलं, पाठमोरी झाली आणि घोड्याचा नालबंद धरतो तसा मागचा पाय उचलून स्वतःच्या दोन मांड्यांत अडकवला. मेंढीने दोनदा झटके दिले. पास्काने तिला शिव्या दिल्या, त्याही अशा की लिसांद्रूने व्यापाऱ्याकडे बघून कानकोंडं हसावं. मग तिने खिशातून चाकू काढला. खट्.

कुजलेली कड कापली गेली. खाली घट्ट, पांढरा खूर लागला. दुसरा पाय. मग दुसरी मेंढी. तिसरीच्या वेळी चाकू तिच्या हातून सुटला आणि तो उचलायला तिला एवढा वेळ लागला की लिसांद्रूने तोंड फिरवून घेतलं. चौथी झाली तेव्हा तिचा सदरा पाठीला चिकटला होता. पूर्वी एवढ्या वेळात तिचा अर्धा वाडा झाला असता. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि वाड्यावरून एकदा नजर फिरवली. बराच वेळ तिने हिशेब केला. मेंढ्यांचा नव्हे, स्वतःच्या हाताचा.

"बाई," व्यापारी अखेरीस म्हणाला, "मला सगळ्या न्यायच्या आहेत की एकही नाही? ऊन चढतंय."

"अर्ध्या ने," पास्का म्हणाली. "कुठल्या अर्ध्या, ते मी सांगेन."

"आपलं बोलणं सगळ्या कळपाचं झालंय."

"ते तुझं त्याच्याशी झालंय. माझ्याशी आत्ता होतंय. भाव तोच राहील. नको असेल तर वाट उताराची आहे, ट्रक आपोआप जाईल."

व्यापाऱ्याने लिसांद्रूकडे बघितलं. लिसांद्रू हातातली टोपी उलटसुलट करत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ती म्हणते तसं."

मग पास्का कळपात शिरली. तिने तरण्या, धडधाकट, चढावर पळणाऱ्या मेंढ्या दिल्या; त्यांच्यामागे धावणं आता तिच्याने होणार नव्हतं. म्हाताऱ्या, शांत, हाक ओळखणाऱ्या ठेवल्या. कुठल्याही व्यापाऱ्याने आनंदाने हीच निवड केली असती. याचाही चेहरा उजळला. पास्का प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून "ही" म्हणायची आणि लिसांद्रू तिला फळीवरून ट्रकमध्ये चढवायचा. एका गोंडस काळतोंडीपाशी, जिला तिने पिल्लूपणी बाटलीने वाढवलं होतं, ती जरा जास्त थांबली. मग म्हणाली, "ही पण."

ट्रकची झडप लागली. ट्रक वळणावरून दिसेनासा झाल्यावरही ओरडणं बराच वेळ खालून वर येत राहिलं.

"मी सकाळच्या धारेला येईन," लिसांद्रू म्हणाला. "कंबर साथ देईल तोवर."

"कंबर घरी ठेवून ये. तिची कुरकुर मला ऐकवत नाही."

तो हसला नाही, पण जाताना त्याने दाराचा सैल झालेला खिळा दगडाने ठोकून बसवला.

संध्याकाळी पास्काने लाकडी गव्हाणीत दाणा टाकला आणि मेंढ्या आत सोडल्या. आता गव्हाणीला जागाच जागा होती. पण त्या पसरल्या नाहीत. प्रत्येक मेंढी तिच्या रोजच्या जागी जाऊन उभी राहिली, मधल्या जागा तशाच मोकळ्या ठेवून, आणि खाऊ लागली. पास्काने बादली गुडघ्यांत धरली आणि पहिलीच्या मागे बसून एका हाताने धार काढायला सुरुवात केली. ती झाली की उठायची, मोकळी जागा ओलांडायची आणि पुढचीच्या मागे जाऊन बसायची.