आधी पातं, मग झाकण

नात खारू शाळेच्या शिबिराला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या घड्याळाचं लॉक लागेना.

"सूनबाई, हे बिघडलं," ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले. डाव्या मनगटावर घड्याळ लोंबत होतं आणि उजव्या हाताचा अंगठा दाबून दाबून लाल झाला होता.

सूनबाई डबा भरत होती. तिला लॅबमध्ये सकाळच्या पाळीला पोचायचं होतं. रक्ताचे नमुने घ्यायला लोक उपाशीपोटी येऊन बसतात, त्यांना ताटकळत ठेवता येत नाही. तिने हात पुसले, घड्याळ घेतलं, ओट्यावर ठेवून लॉक लावून पाहिलं. टक्. लागलं.

"लागतंय की आबा."

"ओट्यावर लागतं गं. ओट्याला कुठे मनगट आहे?"

ती हसली आणि घाईघाईत चपला घालून निघाली.

घड्याळ साधंसुधं नव्हतं. आबा तंत्रशाळेत फिटिंग शिकवायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा पुढे कारखानदार झाला आणि त्याने मास्तरांच्या पंचाहत्तरीला ते आणून दिलं. पट्टा पोलादाचा, भरीव, आणि बंद झाला की जोड कुठे आहे ते शोधावं लागेल असा. पहिले काही महिने आबा ते कपाटात ठेवायचे आणि वेळ मात्र भिंतीवरच्या घड्याळात बघायचे. शेवटी खारू म्हणाली, "आबा, ते आत एकटं कंटाळत असेल." तेव्हापासून ते रोज हातावर येऊ लागलं. आता तर घड्याळाशिवाय आबा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही जात नसत.

आणि शनिवारी त्यांना बाहेर जायचंच होतं. शिबिराची बस दुपारी शाळेच्या फाटकाशी येणार होती. मुलगा कामासाठी परगावी. खारूला शाळेत सोडणं, आणणं हे काम आबांचं. रोज सकाळी गाडी काढून ते तिला घेऊन जात, म्हणूनच सूनबाईला सकाळची पाळी जमत होती. सगळं घर त्या एका गाडीवर चालत होतं म्हणा ना.

संध्याकाळी ती परतली, तर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आबांनी दवाखानाच थाटला होता. भिंग, जुना टूथब्रश, साबणाचं पाणी, सुईने उचललेला तेलाचा थेंब. दुमडणारी दोन पाती, त्यांच्यावर बसणारं झाकण आणि झाकण उघडू नये म्हणून वरून अडकवायचा बारीकसा आकडा, हे सगळं त्यांनी आरशासारखं लख्ख केलं होतं.

"मळ होता?"

"नखभर. त्याने अडायचं कारण नाही. पिना सरळ आहेत. पातं वाकलेलं नाही." ते भिंगातून बघत पुटपुटले. "कुठेच काही नाही, आणि तरी लागत नाही. असं होत नसतं."

त्यांचा आवाज तिला जरा वेगळा वाटला. आबा बिघाडावर कधी चिडत नसत. बिघाड हा त्यांच्या मते पाहुणा. त्याला बसवायचं, विचारपूस करायची, मग तो आपणहून सांगतो कुठून आला ते. आज मात्र त्यांनी भिंग आपटलं.

बुधवारी सूनबाईच घड्याळ घेऊन दुकानात गेली. आबा यायला तयार नव्हते. "फिटिंगचा मास्तर लॉक लावून घ्यायला दुकानात जाणार? उद्या बूट घालायला शेजाऱ्यांना बोलावू."

घड्याळवाले काका जाडजूड गृहस्थ होते, पण बोटं मात्र कशिदा काढणाऱ्या बाईसारखी. त्यांनी दिव्याखाली पट्टा उलटासुलटा केला, पिना ढकलून पाहिल्या, मग घड्याळ आपल्याच हातावर चढवून लॉक लावलं, उघडलं, परत लावलं.

"ताई, हे घड्याळ तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे. मी पैसे कशाचे घेऊ, नमस्कार केल्याचे?"

"पण घरी लागत नाही हो."

"कोणाला लागत नाही?"

"सासऱ्यांना."

"मग त्यांना घेऊन या एकदा. कसं लावतात ते बघू."

तिने मान हलवली आणि घड्याळ पिशवीत टाकलं. रस्त्याने चालताना तिला वाटलं, अंगठ्यातली ताकद कमी झाली असेल. वय झालंय. एवढंच.

गुरुवारी तिला सुट्टी होती, म्हणून सकाळी तिने आबांना घड्याळ लावताना पाहिलं. आबा खिडकीपाशी उजेडात बसले होते. त्यांनी हात पट्ट्यात घातला. मग सगळ्यात आधी तो बारीक आकडा खाली पाडला. मग झाकण दाबलं. आतली पाती अजून उघडीच होती. धातूवर धातू करकरला. त्यांनी आणखी जोर लावला, दात आवळून, जणू समोरचा मुद्दाम अडून बसलाय.

"आबा," ती हळूच म्हणाली, "आधी आतलं पातं ना?"

"मला शिकवतेस?"

असं ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. मग त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

संध्याकाळी शिबिरातून फोन आला. बाईंनी सगळ्या मुलांना आपापल्या घरी थोडा थोडा वेळ बोलू दिलं होतं.

"आई! आम्ही तंबू ठोकला! आमचा पडला नाही, मुलांचा पडला! आई, आबांचं घड्याळ कोण लावतं?"

सूनबाई गॅलरीचं दार ओढून आत आली. आबा बाहेर खुर्चीत बसले होते.

"म्हणजे? रोज तू लावतेस?"

पलीकडे नुसता मुलांचा गलका.

"खारू?"

"तू रागावणार नाहीस ना?"

"नाही रागावणार."

"आधी नुसतं सांगायचे मी. ते म्हणायचे, सांग बघू, आधी काय? मी म्हणायचे, आधी पातं, मग झाकण, मग आकडा. मग ते लावायचे. मग सांगूनसुद्धा त्यांना येईना, म्हणून मीच लावते."

सूनबाईने खुर्ची ओढली. 'सांग बघू' हा आबांचा पेटंट शब्द. आज वार कोणता, सांग बघू? आपण किल्ली कुठे ठेवतो, सांग बघू? खारू टणाटण उत्तरं द्यायची आणि सूनबाई भाजी चिरता चिरता मनात म्हणायची, काय नशीब आहे पोरीचं, असे आजोबा मिळाले. लॅबमध्ये मैत्रिणींना कौतुकाने सांगायची. आबा आयुष्यभर असेच शिकवत आले होते. मुलाच्या हातात हत्यार द्यायच्या आधी त्याच्याकडून क्रम वदवून घ्यायचे.

"आणि गाडीत?" तिने विचारलं. "गाडीतही विचारतात?"

"हो. कुठे वळायचं ते. मला सगळी वळणं पाठ आहेत!" खारूच्या आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. शाबासकी आली नाही, तसा आवाज जरा हळू झाला. "आई, आधी ना, ते खोटं खोटं विचारायचे. आता खरं खरं विचारतात."

"तुला कसं कळतं?"

"आधी मी बरोबर सांगितलं की हसायचे. आता नुसते 'हं' म्हणतात." मग अगदी फोनला ओठ टेकवून, "एकदा लाल दिव्याला थांबायचं राहिलं. मी ओरडले. पण समोर कुणीच नव्हतं, आई. खरंच कुणी नव्हतं. तू आबांना बोलू नको हं. माझा नंबर संपला, ठेवते."

फोन बंद झाला. सूनबाई तशीच बसून राहिली. काचेच्या दारातून आबांची पाठ दिसत होती, ताठ, वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहावं तशी. तिला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी इतका राग आला की तिने टेबलाची कड घट्ट धरली.

शुक्रवारी तिने लॅबमधून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. पाळी बदलून मागितली, तेव्हा वरच्या बाई म्हणाल्या, एक आठवडा जमवू, पुढचं पुढे बघू. पुढचं काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, आबांना? काहीतरीच," आणि मग हळूच विचारलं, "डॉक्टरांची वेळ कधीची?"

शनिवारी आबा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी आले. घड्याळ मनगटावर उघडंच होतं. ते तिच्यासमोर बसले आणि हात पुढे केला.

"हं, सांग बघू, आधी काय?"

तिने सांगितलं नाही. पातं दुमडलं, झाकण दाबलं, आकडा अडकवला. टक्. मग तिने त्यांचा हात सोडला नाही.

"आबा, गाडीची किल्ली द्या. आज मी चालवते."

"का?"

"द्या ना."

"मी गाडी चालवायला लागलो तेव्हा तुझा नवरा रांगत होता." ते हसायचा प्रयत्न करत होते. "लॉक लागत नाही म्हणून किल्ली काढून घेणार? हा कुठला न्याय?"

"लॉक ठीक आहे, आबा. तुम्हालाही माहीत आहे."

त्यांचं हसू तिथेच राहिलं, पण त्यामागे कुणी उरलं नाही.

"खारूने चहाडी केली?"

"नाही. मी विचारलं तेव्हा बोलली. आणि तुम्हाला बोलू नको म्हणून बजावलं."

आबांनी हात मागे घेतला. "सुरुवातीला मी शिकवायलाच विचारत होतो," ते म्हणाले. "खोटं नाही सांगत. मग एकदा पुलाशी आलो, आणि पुढे काय ते... तिला विचारलं, तिने सांगितलं. मला सुटल्यासारखं झालं. मास्तरला उत्तर ऐकून असं व्हायला नको, हे मला कळलं होतं. तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? की आजपासून मला घरात बसवा?"

"माझी पोर गाडीत होती, आबा!"

ती ओरडली होती. तिचाच आवाज तिला अनोळखी वाटला. आबांनी मान खाली घातली. मग ते सदऱ्याचे खिसे चाचपू लागले. किल्ली सापडेना. वरचा खिसा, बाजूचा, पुन्हा वरचा. तिला उठून मदत करावीशी वाटली, पण ती बसून राहिली. शेवटी विजारीच्या खिशातून किल्ली निघाली. त्यांनी ती तिच्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली आणि बोटाने तिच्याकडे सरकवली.

शाळेच्या फाटकाशी आईबापांची गर्दी होती. आबा गाडीतच बसले, ड्रायव्हरच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून. बस आली. खारू धुळीने माखलेली, पाठीवर स्वतःएवढी पिशवी. धावत आली ती सरळ स्टिअरिंगच्या बाजूला, आणि काचेत आई दिसली तशी थबकली. आईकडे पाहिलं. मग वाकून पलीकडे आबांकडे पाहिलं.

"आज आई चालवणार?"

"आज आई," आबा म्हणाले. "उद्याही."

खारू मागचं दार उघडून आत आली. रोज ती दोन सीटच्या मधून मान पुढे काढून बसायची, डोळे रस्त्यावर लावून. आज तिने पिशवी शेजारी ढकलली, बूट काढले आणि पाय वर घेऊन मागे टेकली.

गाडी निघाली. सूनबाईने तंबूबद्दल काहीतरी विचारलं. उत्तर आलं नाही. पहिलं वळणही अजून आलं नव्हतं.

आबांनी मागे वळून पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले.

"झोपली," ते म्हणाले. "इतक्या दिवसांत गाडीत कधी झोपली नाही गं."