रांगेतली दुसरी

मी सायकल. कुणाची ते सांगते, जरा दम धरा. भिंतीतल्या दोन खुंट्यांवर टांगलेली आहे, मला कुठं जायची घाई नाही.

माझा पहिला मालक डॉक्टर होता. पोट सुटलं म्हणून मोठ्या हौसेनं मला घेतलं आणि बाल्कनीत उभं केलं. हँडलवर टॉवेल, दांडीवर मोजे. दवाखान्यात लोकांना सांगायचा, "रोज सायकल चालवा, बघा कसं हलकं वाटतं." आणि माझ्या अंगावर त्याच्या ओल्या पंच्याचं ओझं! माणसाचं असंच असतं. दुसऱ्याला सांगायला जीभ, स्वतःला करायला उद्या.

एकदा त्याचे केस कापताना सलूनवाल्यानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, ती बाल्कनीतली कुणी चालवतं का?"

"तूच घेऊन जा बाबा. निदान कपडे वाळत घालायला दोरी तरी बांधता येईल."

अशी मी सलूनवाल्याकडे आले, आणि माझे दिवस पालटले. दिवसभर उभं राहून काम करणारा माणूस, माझ्या सीटवर टेकला की म्हणायचा, "आता खरं बसलो." त्याचा हात असा हलका, की दाढी करताना गिऱ्हाइकाला डुलकी लागायची. तोच हात माझ्या ब्रेकवर. कधी खसकन आवळला नाही.

लांबच्या फेऱ्यांचा नाद त्याला लावला वहिनीनं. थोरल्या भावाची बायको. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. या काठावर उभी राहून त्या काठाच्या पोराला "पाय मार!" म्हणायची आणि पाण्यात कान बुडालेलं पोरही पाय मारायचं. असा तिचा गळा.

या लांबच्या फेऱ्या म्हणजे शर्यत नव्हे. तीनशे किलोमीटर ठरल्या वेळेत पुरे करायचे, पहिला आला काय नि शेवटचा आला काय, पदक सारखंच. म्हणून पाच-सहा जण रांग धरून जातात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना आडोसा मिळतो. पुढचा दमला की बाजूला होतो, दुसरा पुढं येतो. चांगली रीत आहे. पण एक ध्यानात घ्या, रांगेतल्या दुसऱ्या सायकलला रस्ता दिसत नाही. तिला दिसतं पुढचीचं मागचं चाक, हातभर अंतरावर. रस्ता तिला ऐकावा लागतो.

वहिनी पुढं असली की रस्ता ऐकू यायचा. "खड्डा, डावीकडे!" "खडी आलीय, सावकाश!" "थांबतेय रे!" मग मागच्यानं तेच मागं ओरडायचं, त्यानं त्याच्या मागं. शेवटच्यापर्यंत निरोप पोचला की वहिनी गप्प, पुढच्या खड्ड्यापर्यंत.

एका फेरीत चहाला थांबले होते. सगळे पाय पसरून बसलेले. माझा मालक गमतीगमतीत म्हणाला, "आमच्या वहिनी म्हणजे भोंगा! यांना पुढं बांधलं की गाडीवाले आपोआप बाजूला होतात."

सगळे खो-खो हसले. वहिनीही हसली. पण चहाचा पेला तिनं अर्धाच ठेवला, ते मी पाहिलं.

थट्टा एकदाच केली तर थट्टा. ही मंडळी सोडतायत होय! त्या दिवसापासून ती "खड्डा" म्हणाली की मागून कुणीतरी "पों!" करायचं. मागं निरोप द्यायचा सोडून पों! त्यात त्यांचा एक कप्तान होता. कुणी नेमलेला नव्हता, आपला आपणच झालेला. हँडलवर कॅमेरा लावायचा, फेरी झाली की व्हिडिओला गाणं जोडून लोकांना दाखवायचा.

एकदा तो म्हणाला, "मॅडम, सगळ्या व्हिडिओत तुमचाच आवाज येतो हो. आपण काय भाजी विकायला निघालोय? हातानं दाखवत जा ना. बोट खाली केलं की कळतं सगळ्यांना."

"उतारावर दोन्ही हात ब्रेकला लागतात," वहिनी म्हणाली. "तेव्हा काय पायानं दाखवू?"

"अहो, इतके मोठे खड्डे नसतात."

तिनं माझ्या मालकाकडे पाहिलं. घरचं माणूस काहीतरी बोलेल, असं तिला वाटलं असावं. तो म्हणाला, "जाऊ द्या ना वहिनी, कशाला मनावर घेता." आणि माझ्या चेनला तेल घालायला लागला. तेल सकाळीच घातलेलं होतं.

पुढच्या फेरीला वहिनी बोलली नाही. बोटानं दाखवायची, तळवा हलवून थांबायची. कप्तान खूश. "आता कसं, शिस्तीत चाललंय!"

दुपारी एक लांब उतार लागला. वहिनी पुढं, तिच्यामागं आम्ही, आमच्यामागं बाकीचे. वारा डावीकडून तिरका येत होता. तसा वारा असला की आडोसा सरळ मागं मिळत नाही, जरा उजवीकडे मिळतो. म्हणून मालकानं मला उजवीकडे घेतलं. माझं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाच्या बाजूला वीतभर शिरलं. असं करू नये, हे त्यालाही ठाऊक होतं. पण दमलेला माणूस आडोशाला सरकतो, आणि इतके दिवस त्या आवाजाच्या भरवशावर ते निभावून गेलं होतं. आवाज आला की हा ब्रेक हलकेच दाबायचा, मी मागं यायची.

त्या दिवशी आवाज आला नाही. खड्डा चुकवायला वहिनी एकदम उजवीकडे वळली आणि तिचं मागचं चाक माझ्या पुढच्या चाकावर आपटलं. बस्स. पुढची सायकल डगमगली आणि सावरली. मागची पडते. नेहमी मागचीच पडते.

मालकानं उजवा हात टेकला. मनगटाचा आवाज मी ऐकला. तारा तुटल्यावर माझ्या चाकाचा येतो तसाच.

मनगट जुळलं, पण त्या हलक्या हातात थरथर राहिली. वस्तरा धरवेना. मग मालकिणीनं कात्री घेतली. घरात पोरांचे केस कापायची, तेवढंच शिक्षण. हळूहळू गिऱ्हाईक टिकलं. मालक आता खुर्ची झाडतो, पाण्याची बाटली भरतो, आरसा पुसतो. डाव्या हातानं.

कप्तान एकदा केस कापायला आला. छातीवर त्याच फेरीचं पदक छापलेला बनियन. हो, आम्हाला दवाखान्याच्या गाडीत चढवलं आणि बाकीचे वेळेत पोचले.

"वहिनी आल्या नाहीत हो परत," तो मालकिणीला म्हणाला. "सायकल विकली म्हणे. पण त्यांची काय चूक? यानंच चाक घुसवलं. व्हिडिओत स्पष्ट दिसतंय."

"मान सरळ ठेवा," मालकीण म्हणाली.

"नाही, मी आपलं खरं ते बोलतोय."

"बोला की. कानापाशी कात्री आहे, एवढंच सांगते."

त्यानंतर तो गप्प बसला. गप्प बसणं किती सोपं असतं, ते त्याला तेवढ्यापुरतं कळलं असेल.

वहिनी आली ती सलूनच्या सुट्टीच्या दिवशी. शटर अर्धं उघडं होतं. दोघं गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर बसले, तोंडं आरशाकडे. एकमेकांकडे न बघता बोलायची ती चांगली सोय होती.

"वहिनी, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा भाऊजी."

"तो खड्डा तुम्हाला दिसला होता?"

"दिसला होता. चांगला लांबून दिसला. हात ब्रेकवर होते. ओरडायला तोंड उघडलं, आणि वाटलं, आता मागून पों करतील." मग म्हणाली, "तेवढ्यात खड्डा आला."

मालकानं उजवा हात डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला. "पहिल्यांदा भोंगा मीच म्हणालो होतो."

"माहीत आहे मला."

आतून मालकिणीनं चहा आणला, तो तसाच निवला. वहिनी गेली. नंतर सणासमारंभाला येते, कामापुरतं बोलते, तलावावर मात्र शिट्टी वापरते म्हणतात. तो गळा या माणसांनी संपवला, आणि संपवताना एकाच्याही मनात वाईट नव्हतं. याचाच मला जास्त राग येतो.

मला अजून विकलं नाही. पुढचं चाक वाकडंच आहे. मालक कधी कधी डाव्या हातानं पेडल फिरवून बघतो; चाक ब्रेकला घासतं, थांबतं. मग दिवा घालवून जातो.

तुम्ही रांगेनं निघालात, तर पुढचीला ओरडू द्या. ती ओरडली की तुम्हीही मागं ओरडा, घसा बसला तरी चालेल. आणि हसायचंच असेल तर पोचल्यावर हसा. पण त्याआधी मागं वळून बघा, सगळे आलेत का.